सासू श्वास मोजते

१

ऑफिसच्या इमारतीच्या काचेच्या दाराशी आले की मी पिशवी गुडघ्यावर टेकवते, स्वेटर काढते, अंगात घालते आणि मगच आत शिरते. आमच्याकडे सगळेच तसं करतात. बाहेर फेब्रुवारीच्या उन्हात रस्त्याचं डांबर मऊ झालेलं असतं आणि आत पाऊल टाकलं की दात वाजायला लागतात. नवा माणूस नोकरीला लागला की पहिल्याच आठवड्यात एक जास्तीचा स्वेटर आणून खुर्चीच्या पाठीवर टाकतो. तो स्वेटर मग घरी जात नाही, धुतला जात नाही, आणि नोकरी सुटली तर बऱ्याचदा तिथेच राहून जातो.

पूर्वी ही थंडी सगळ्या इमारतीत सारखीच असायची. माणूस असो वा नसो, रिकाम्या खुर्च्यासुद्धा गारठायच्या. मग विजेच्या बिलाला कंटाळून मालकांनी नवी यंत्रणा बसवली. ही यंत्रणा श्वास मोजते. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी आहे. माणसांच्या उच्छ्वासाने खोलीतली हवा किती जड झाली ते त्या डबीला कळतं. हवा जड झाली म्हणजे माणसं आहेत. मग छतातली झडप उघडते, ताजी हवा येते, गारवा येतो. हवा हलकीच राहिली म्हणजे कोणी नाही. मग झडप बंद, पंखे बंद, दिवे बंद.

कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आहे. इमारतीत सगळे तिला 'सासू' म्हणतात. कोण कुठे बसलंय, कोण उठून गेलं, मागे दिवा चालू ठेवला का, सगळ्यावर तिचा डोळा आणि सगळ्यात काटकसर.

तळघरातल्या कंट्रोल रूममध्ये या सासूशेजारी बसून राहणं ही माझी नोकरी. मी सुलेयका बारिया. हवेचा दाब, हवेचा प्रवाह, हे सगळं मी विद्यापीठात शिकले आहे, पण कुठल्याही खोलीत शिरले की मी आधी बाहेर जायचं दार कुठे आहे ते बघून ठेवते. कुणी मागून हाक मारली तरी माझ्या हातातला कप हिंदकळतो. आई म्हणते, "एवढी भित्री तू, आणि तुला नोकरी मिळाली ती बिनखिडकीची!"

खिडक्या तशा आहेत. मजल्यामजल्यावर, जमिनीपासून छतापर्यंत. फक्त त्यातली एकही उघडत नाही.

त्या दिवशी कार्निव्हलचा शनिवार होता, मंगळवारपर्यंतच्या सुट्टीची सुरुवात. अर्धं शहर आदल्या संध्याकाळीच गावाकडे निघून गेलं होतं. मलाही दुपारच्या बसने पेनोनोमेला, आईकडे जायचं होतं. माझी धाकटी बहीण मारेलिस यंदा कार्निव्हलच्या मिरवणुकीत नदीतल्या तराफ्यावर राजकन्या म्हणून उभी राहणार होती. आईने वर्षभर तिच्या झग्यावर टिकल्या शिवल्या होत्या. दर थोड्या वेळाने आईचा निरोप येत होता: निघालीस का? निघालीस का?

निघायला एकच गोष्ट आड होती. माझे साहेब, इंजिनिअर किरोस, समुद्रकिनाऱ्यावरून फोनवर म्हणाले होते, "सुट्टीभर इमारत झोपलेली हवी. सगळे मजले काळे झाले की तू मोकळी. एक जरी जागा राहिला तर दाराबाहेर पाऊल टाकायचं नाहीस, काय?"

"हो, इंजिनिअर."

"आणि घाबरू नकोस गं. रिकामी इमारत आहे, चावत नाही."

२

स्क्रीनवर आमची इमारत म्हणजे एकावर एक रचलेली चौकटींची उतरंड. माणसं असली की चौकट पिवळी, नसली की काळी. मी वरून खाली एकेक मजला झोपताना बघत होते. वकिलांचा काळा झाला. विमावाल्यांचा काळा झाला. दंतवैद्यांच्या मजल्यावर कुणीतरी रेंगाळत होतं, तेही गेलं.

अकरावा पिवळाच राहिला.

अकराव्यावर कोणीच नसतं. तिथलं कॉल सेंटर नाताळाआधी गाशा गुंडाळून गेलं होतं आणि नवा भाडेकरू अजून मिळाला नव्हता. चौकटीच्या कोपऱ्यात सासूचा अंदाज लिहिलेला होता: माणसं, एक.

मी वरच्या लॉबीत फोन लावला. तिथे आरिस्तिदेस बसतो. पन्नाशी उलटलेला, कोलोन शहराकडचा माणूस, आवाज ढोलासारखा, आणि गप्पा मारायला मिळाल्या नाहीत तर आजारी पडेल असा.

"सेन्योर आरिस्तिदेस, अकराव्यावर कुणी गेलंय का?"

"अकराव्यावर? भुतं. कमी पगारात काम करतात, म्हणून मालकाने ठेवलीत."

"सेन्योर, प्लीज."

"बरं बरं, इंजिनिअरबाई. हसलात तर कर बसत नाही. कुणी गेलं नाही. सकाळपासून तिकडे माशीही फिरकली नाही. हां, पण देयानिराला विचारा. ती तिथे मेणबत्ती लावते."

"मेणबत्ती? इमारतीत?"

"मी काही बोललो नाही," तो म्हणाला आणि काहीतरी कुरकुरीत चावायला लागला.

मला हायसं वाटलं. मेणबत्तीही हवा जड करते, माणसासारखीच. विझवायला विसरली असेल, डबीखाली जळत असेल, आणि सासूला वाटत असेल, कोणीतरी बसलंय. आग लागण्याची भीती होती, पण ती भीती मला समजणारी होती. मी देयानिराला फोन लावला. ती सफाईच्या बायकांची मुकादम. सुट्टीसाठी आपल्या गावी, ओकूला जाणाऱ्या बसमध्ये होती आणि मागे कुणीतरी बेसूर गात होतं.

"मेणबत्ती?" ती ओरडली. "अगं पोरी, मी विस्तव मागे ठेवून जाणारी बाई वाटते का तुला? ती कधीच बंद केली मी!"

"पण लावत होतात ना? का?"

"आता तू साहेबाला सांगणार."

"नाही सांगणार."

"शपथ?"

"शपथ."

"अगं, आम्ही झाडायला जातो तेव्हा ऑफिसं सुटलेली असतात. अख्ख्या मजल्यावर पांगलेल्या दोघी-तिघींच्या श्वासाने तुमच्या सासूबाईंचं पोट भरत नाही, त्या हवा सोडत नाहीत. धूळ उडते, जीव गुदमरतो. मग त्या पांढऱ्या डबीखाली मेणबत्ती ठेवायची. तिला वाटतं, आली माणसं. सुटतो वारा! सगळ्या मजल्यांवरच्या बायका करतात."

मला हसू आलं. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू असावं.

"मग अकराव्यावरची बंद का केलीत?"

"गरजच उरली नाही ना. गेले कित्येक दिवस आम्ही जायच्या आधीच तिथे हवा चालू असते. छान, गार. आम्ही आपल्या डबासुद्धा तिथेच खातो. मला वाटलं, तूच चालू ठेवतेस आमच्यासाठी. मी तर तुझ्यासाठी प्रार्थना केली हो, नाझरेथच्या येशूपुढे."

मी म्हणाले, "नाही. मी नाही."

बसमधलं गाणं मोठं झालं आणि फोन तुटला.

३

सेन्सर खराब आहे. मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. खोली लहान होती. माझाच आवाज ऐकून मी दचकले.

पण खराब सेन्सर कसा वागतो हे मला माहीत होतं. तो एकतर एकाच आकड्यावर अडून बसतो, नाहीतर वेड्यासारखा उड्या मारतो. मी अकराव्याच्या खोल्या एकेक करून उघडल्या. मागच्या कोपऱ्यात एक छोटी बैठकीची खोली आहे. तिथली हवा जड होती. मी बघत असताना ती हळूहळू हलकी झाली. आणि तिच्या शेजारची, मोठ्या दालनाच्या मागच्या भागातली, जड व्हायला लागली. मग ती ओसरली आणि मधला भाग चढला.

माणूस चालतो तेव्हा असं होतं. एका डबीपाशी थांबतो, मग पुढच्या.

मग लिफ्टसमोरच्या डबीची रेघ वर चढली आणि तिथेच राहिली.

मी खुर्ची मागे सरकवली. छतातून हवा वाहते, एका खोलीतली दुसरीत जाते, रेघा अशा सरकू शकतात. हे खरं आहे. परीक्षेत मी असंच उत्तर लिहिलं असतं आणि मला गुण मिळाले असते.

आईचा निरोप आला: बस चुकली तर उद्यापर्यंत जागा नाही. निघ.

आमच्याकडे नियम असा की एखादा मजला हट्टाने जागा राहिला तर तो हाताने 'रिकामा' लावायचा. पण खाली बसून नाही. किरोसचा हा नियम होता, आणि चांगला नियम होता. वर जायचं, सगळ्या खोल्या डोळ्यांनी बघायच्या, आणि लिफ्टशेजारच्या भिंतीवर जो फलक आहे त्यावर 'रिकामा' दाबायचं. दाबलं की लिफ्ट तुम्हाला घेते, आणि त्यानंतर त्या मजल्यावर थांबत नाही. वर जाऊन बघायचं ते आत कोणी राहिलं असताना चुकून हवा तोडली जाऊ नये म्हणून.

मी पिशवी लॉबीत आरिस्तिदेसच्या टेबलाखाली ठेवली. फोनही तिथेच चार्जिंगला लावला. दोन मिनिटांचं काम होतं.

"येऊ का सोबत?" त्याने विचारलं. माझा चेहरा बघून विचारलं असावं.

मी हो म्हणायला हवं होतं.

"तुम्ही दार सोडून कसे येणार?" मी म्हणाले. "आलेच मी."

"या, या. आणि भुतांना सांगा, हजेरी लावल्याशिवाय पगार नाही!"

४

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा समोर कोणी नव्हतं.

मी आधी जिन्याचं दार बघून ठेवलं. डाव्या हाताला, लाल दांड्याचं. मग श्वास घेतला. हवा ताजी होती. बंद मजल्याला जो कार्पेट-धुळीचा वास येतो तो नव्हता. कोणाच्या तरी घरी पाहुणे यायच्या आधी खिडक्या उघडून ठेवतात, तशी हवा.

काचांमधून ऊन थेट आत आलं होतं. टेबलांच्या लांब ओळी, त्यांवर तुटक्या वायरी, कानाला लावायचे दोन-चार फोन उलटे पडलेले. आणि खुर्च्या. जवळजवळ प्रत्येक खुर्चीवर स्वेटर. राखाडी, गुलाबी, एक मोरपिशी. कॉल सेंटरच्या पोरी घाईत गेल्या होत्या. कुणीच आपला स्वेटर नेला नव्हता. खांद्यांच्या जागी ते सगळे थोडे फुगलेले होते.

मी ओळींमधून पटपट चालले. स्वच्छतागृह बघितलं. चहाची खोली बघितली, सिंक कोरडं. मागच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवरच्या डबीखाली काचेचा पेला होता, त्यात विझलेल्या मेणबत्तीचा तळाला चिकटलेला तुकडा. बोट लावून पाहिलं. थंड, आणि वर धूळ.

"कोणी आहे का?" मी विचारलं. विचारून झाल्यावर वाटलं, उत्तर आलं असतं तर मी काय केलं असतं?

मी लिफ्टकडे जवळजवळ पळतच आले. फलकावर 'रिकामा' दाबलं. फलकाने विचारलं: खात्री आहे? मी पुन्हा दाबलं. मागे लिफ्टचं दार उघडलं. मी आत पाय टाकला.

आणि मागच्या खोलीत कोणीतरी खोकलं.

मोठ्याने नाही. झोपेत घसा सुकल्यावर येतो तसा, दाबलेला, बाईमाणसाचा खोकला.

लिफ्टच्या उंबऱ्यावर माझा एक पाय आत होता. मला आजही सगळं स्पष्ट आठवतं: आत जायला फक्त अंग पुढे झुकवायचं होतं. पण मी नुकतंच बटण दाबलं होतं. तिथे कोणी बाई असेल, आजारी, लपलेली, घर नसलेली, कोणीही, तर तिची हवा मी तोडली होती. माझ्यासारखीला एवढंच पुरतं. हवा तुटलेल्या खोलीत बसलेलं माणूस मी डोळ्यांपुढे आणू शकते, रोज आणते.

मी पाय मागे घेतला.

५

खोलीत कोणी नव्हतं. मेणबत्तीच्या पेल्यासमोर एक खुर्ची होती, मघाशी ती टेबलाखाली होती का बाहेर, मला आठवेना. तिच्यावर राखाडी स्वेटर. मी हात लावला.

बाहेरून स्वेटर गार होता. बाहीच्या आत बोटं घातली तर ऊबदार. नुकताच काढून ठेवलेला असावा तसा.

तेवढ्यात पंखे थांबले.

पंखा चालू असतो तोवर त्याचा आवाज आहे हे कळत नाही. तो थांबला की कळतं, आपण इतका वेळ कशाच्या तरी पोटात बसलो होतो. छतात एकामागून एक झडपा मिटल्या: टक. टक. टक. मागून पुढे, लिफ्टच्या दिशेने. आणि त्यांच्याच मागोमाग, कार्पेटवरून, अगदी हलकी पावलं गेली असं मला वाटलं. वाटलं, म्हणते. मी खोलीतून बाहेर येईपर्यंत दालन रिकामं होतं आणि लिफ्टचं दार मिटत होतं. फटीत काहीतरी राखाडी दिसलं. बाही असेल. लिफ्टची भिंतही राखाडीच आहे.

मी बटण दाबत राहिले. बटणात दिवा लागला नाही. दारावरचा बाण खाली, खाली, खाली गेला आणि तळमजल्यावर थांबला.

जिना. लाल दांडा. मी अंगाचा सगळा भार टाकला. दार बोटभर हललं, फटीतून वारा शिट्टी वाजवत आत आला, आणि दार परत चिकटलं. पुन्हा ढकललं, पुन्हा तेच. काय होतंय ते मला कळत होतं. ताजी हवा बंद, पण स्वच्छतागृहातले हवा बाहेर ओढणारे पंखे अजून चालू. मजल्यावरची हवा कमी होत होती आणि दार आत ओढलं जात होतं. सासू मजला शोषून घेत होती. कुठलीही सुरक्षित इमारत असं करत नाही. कागदावर आमचीही करत नव्हती.

आगीची लाल डबी फोडली. खूप खाली कुठेतरी घंटा वाजल्यासारखी वाटली, आणि कुणीतरी ती लगेच बंद केली.

लिफ्टशेजारी भिंतीत एक लाल फोन असतो. तो थेट आरिस्तिदेसच्या टेबलावर वाजतो. मी उचलला.

"हॅलो?" त्याचा ढोलासारखा आवाज. मला रडूच आलं.

"सेन्योर! मी अकराव्यावर अडकलेय! जिन्याचं दार उघडत नाही, वर या, बाहेरून ओढा!"

"हॅलो? कोण बोलतंय?"

"मी! सुलेयका!"

"हॅलो? अहो, बोला की." मग फोनपासून तोंड बाजूला नेऊन, दुसऱ्या कुणाला तरी: "अकराव्यावरून वाजतोय हो. नुसता श्वास ऐकू येतोय. जोरजोरात."

मी किंचाळले. माझं किंचाळणं माझ्या कानाला नीट ऐकू आलं.

फोनमध्ये, थोडं लांबून, एक बाई म्हणाली, "सोडा हो. सेन्सर खराब आहे तिथला, फोनही तसलाच असेल."

तो आवाज मला ओळखीचा होता. रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज ऐकला की कसं ओशाळं वाटतं, हा माझा? असा? तसं वाटलं. 'तसलाच'मधला 'स' मी थोडा ओढते. तिनेही ओढला.

"घंटा पण वाजली," आरिस्तिदेस म्हणाला. "वर जाऊन बघू का एकदा?"

"मी आत्ताच बघून आले ना? कोणी नाही. बघा स्क्रीन, सगळे काळे."

"हो की. शाबास! मग पळा आता, बस चुकेल. आणि हे काय, बाहेर एवढं ऊन आणि स्वेटर घालून चाललात? आणि हा कुठला? सकाळी तर दुसरा होता."

ती हसली. मी असं मोकळं कधी हसत नाही.

"थंडी भरलीय अंगात," ती म्हणाली.

फोन ठेवल्याचा आवाज आला. मी परत लावला. वाजत राहिला. परत लावला, तेव्हा त्याने उचलून एवढंच म्हटलं, "येशू, मारिया," आणि मग त्यात काहीच उरलं नाही. तार काढली असावी. मी त्याला दोष देत नाही. मीही काढली असती.

६

मी काचेपाशी धावले. खाली रस्ता मोकळा होता, दुपारच्या उन्हात पांढरा. पलीकडे बसथांब्याशी मुखवटे विकणारा एक माणूस सावलीत बसला होता. आमच्या दारातून एक बाई निघाली. अकराव्या मजल्यावरून माणसाचा चेहरा नीट दिसत नाही, चालणं दिसतं. दोन्ही कोपर हातांनी धरून, अंग चोरून, फुटपाथच्या कडेकडेने. खांद्यावर माझी पिशवी.

तिला उन्हाचं नवल वाटत असावं. दर दोन पावलांनी ती थांबत होती आणि चेहरा वर करत होती. एकदा तिने तोंड उघडून, सबंध छाती फुगवून श्वास घेतला. मुखवटेवाल्याने तिच्याकडे बघून काहीतरी म्हटलं, ती पुन्हा हसली.

मी काचेवर मुठी मारल्या. जाड काच. बाहेरून तिच्यात फक्त आकाश दिसतं, आतलं माणूस दिसत नाही, हे मला माहीत होतं.

रस्ता ओलांडून गेल्यावर ती वळली. मजले मोजल्यासारखी तिची मान हळूहळू वर आली. आणि बरोबर माझ्यापाशी थांबली.

तिने हात हलवला नाही, काही केलं नाही. शाळेत दुसरी मुलगी शिक्षा भोगत असताना आपण दारातून बघतो, तसं तिने बघितलं. वाईट वाटल्यासारखं. मग बस आली.

बस पेनोनोमेची होती की नाही ते मला दिसलं नाही. आई स्टँडवर घ्यायला येणार होती. मारेलिसच्या केसांत फुलं माळायला मी लागतेच. तिला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. ती म्हणेल, ताई, तुझे हात किती गार! आणि तरी मान पुढे करेल.

या विचारापाशी मी फार वेळ थांबत नाही.

७

पहिल्यांदा हवा संपत आली तेव्हा मी जिन्याच्या दाराशी फटीला तोंड लावून बसले होते. दार ढकलायचं, शिट्टी वाजेपर्यंत श्वास ओढायचा, हात गळून जायचे. छातीवर कुणीतरी ओलं पोतं ठेवल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे ठिपके आले. मी इतकी घाबरले की कुत्र्यासारखी धापा टाकायला लागले, आणि भिंतीवरच्या पांढऱ्या डबीखालीच कोसळले.

छतात टक्क झालं.

झडप उघडली होती. हाताच्या रुंदीएवढीच, पण उघडली होती. गार, गोड हवा माझ्या मानेवर पडली.

हाताने लावलेल्या 'रिकामा'वर सासूचा पुरता विश्वास बसत नाही, हे मला तेव्हा कळलं. हवा फारच जड झाली, फारच भरभर जड झाली, की ती थोडी द्रवते. शांत, संथ श्वास तिच्या हिशेबात येत नाही. तेवढं तर बंद खोलीत कार्पेटही सोडतं. धापा टाकल्या तरच ती मोजते.

म्हणून मी डबीखाली बसते. आधी फारसं काही करावंच लागत नव्हतं. लिफ्टच्या दोराची सळसळ झाली की माझी छाती उडायची, झडप उघडायची. मागे वळून त्या सगळ्या स्वेटरांकडे बघितलं की उघडायची. कार्निव्हलचे ढोल रस्त्यावरून गेले, गर्दीला भिजवणारे पाण्याचे टँकर गेले, पोरांचा आरडाओरडा वर आला. प्रत्येक वेळी मी दचकले आणि प्रत्येक दचकण्याने मला हवा दिली. आईचा चेहरा आठवायचे. मारेलिसच्या मानेवरचे ते हात आठवायचे. उघडायची.

मग कार्निव्हल संपल्यानंतरचा राखेचा बुधवार येऊन गेला असावा. लोक परत आलेत. खालचे, वरचे मजले जागे झालेत. पायाखालची फरशी थरथरते, पाइपांतून पाणी धावतं. लिफ्ट अकराव्यासमोरून वर जाते, खाली येते, थांबत नाही; देयानिराच्या बायकाही आता इथे येत नाहीत. आतल्या माणसांचं बोलणं दाराच्या फटीतून क्षणभर ऐकू येतं. परवा किरोसचा आवाज ऐकला. तो कुणाला तरी सांगत होता, पोरगी सुट्टीवरून आली ती एकदम बदलून आली, आता कशालाच घाबरत नाही. मी दारावर डोकं आपटलं, ओरडले. लिफ्ट निघून गेली. झडप बराच वेळ उघडी राहिली.

भूक लागत नाही. त्याचा अर्थ काय, याचा विचार मी मुद्दाम, पुरवून पुरवून करते. एका वेळी थोडाच. तो विचार चांगला आहे, त्याने बरीच हवा येते.

येत असे, म्हणायला हवं. काल लिफ्टची सळसळ झाली आणि माझी मान वळलीसुद्धा नाही. स्वेटरांच्या ओळी मला आता नावानिशी माहीत झाल्यासारख्या वाटतात. मधल्या ओळीतला मोरपिशी तर सोबतीसारखा वाटतो. आईचा चेहरा आठवायला बसले तर नाक आठवतं, मग आवाज आठवतो, मग काहीतरी दुसरंच. काचेतून ऊन येतं, सरकतं, जातं. मी भिंतीला पाठ लावून बसते. श्वास आपोआप लांब होतो.

टक, असं छतात होतं. मिटताना.

मी जीव एकवटून सगळं पुन्हा आठवून पाहिलं: लिफ्टची फट, ती राखाडी बाही, रस्त्यावरून वर वळलेला तो चेहरा. एकेक करून, सावकाश. झडप हलली नाही.

आज सकाळपासून मला कशाचीच भीती वाटत नाहीये.